हातचा एक

जुन्या गणकयंत्रांविषयी दोन माणसं बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला 'पहिलं यंत्र कुणाचं' यावर गाडी येते. शिकार्डचं की पास्कलचं, जर्मन अभियंता झुझेचं की अमेरिकनांचं. मीही या वादात बराच घसा कोरडा केला आहे. आता त्यात रस उरला नाही, कारण पहिलेपणाच्या भांडणात यंत्राच्या पोटात काय आहे हे बघायचंच राहून जातं. आणि पोटात डोकावलं तर सगळे एकाच जागी अडलेले दिसतात. हातच्यापाशी.

नुसती बेरीज कुठलंही चाक करतं. दहा दातांचं एक चाक घ्या, कडेनं शून्य ते नऊ आकडे घाला, तीन दात पुढे ढकला, मग आणखी चार. सात झाले. यात अक्कल लागत नाही. नवाच्या पुढचा दात आला की मात्र शेजारच्या चाकाला कुणीतरी एक घर पुढे सरकवायला हवं. तो शेजारीही नवावर बसलेला असेल तर त्याच्याही शेजाऱ्याला. ९९९९९९ मध्ये १ मिळवायला सांगा, शाळेतलं पोर भराभर हातचे घेतं आणि १०००००० लिहून मोकळं होतं. त्या हातच्याला वजन नसतं. पितळेच्या चाकाला असतं.

विल्हेल्म शिकार्ड हा ट्यूबिंगेनचा हिब्रूचा प्राध्यापक. खगोलाचाही नाद होता. १६२३ मध्ये त्यानं खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्रातून कळवलं की तुम्ही हातानं करता ती आकडेमोड मी यंत्राकडून करून घेतो आहे. पुढच्या वर्षी केप्लरसाठी बनत असलेलं यंत्र अर्धवट अवस्थेतच आगीत जळालं, आणि १६३५ मध्ये शिकार्ड स्वतः प्लेगानं गेला. त्याची पत्रं आणि रेखाटनं विसाव्या शतकात लोकांसमोर आली आणि त्यांवरून यंत्र पुन्हा बनवलं गेलं. त्याचा हातचा अगदी सरळसोट होता: प्रत्येक चाकाला एक जास्तीचा दात, तो पूर्ण फेऱ्यात एकदाच शेजारच्याला ढकलतो. एकदोन घरांपुरतं हे छान चालतं. पण सहाच्या सहा घरं नवावर असली तर सगळ्या चाकांना फिरवायचा जोर एकट्या पहिल्या चाकावर, म्हणजे तुमच्या बोटावर येतो. दात तरी मोडायचा, नाहीतर चाक अडायचं.

ब्लेझ पास्कलला ही अडचण नेमकी दिसली होती, असं त्याचं यंत्र बघताना वाटतं. त्याचे वडील रूआं इथे करवसुलीच्या कामावर होते. घरात आकड्यांचे ढीग. १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पोरानं वडिलांसाठी यंत्र करायला घेतलं. त्यात फ्रान्सचं नाणं म्हणजे बारा दनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. त्यामुळे हिशेबाच्या यंत्रात उजवीकडचं पहिलं चाक बारा घरांचं, दुसरं वीस घरांचं, आणि त्यापुढची दहाची. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, त्यामुळे या यंत्राचं कौतुक पॅरिसच्या गणितज्ञांपेक्षा आपल्या एखाद्या जुन्या कारकुनाला जास्त वाटलं असतं. तीन वेगळ्या मापांचे हातचे एकाच बेरजेत सांभाळायचे म्हणजे काय हे त्याला रोजच माहीत होतं.

पास्कलनं काय केलं? शेजारच्याला ढकलायचा जोर त्यानं बोटाकडून एकदम मागितला नाही, थोडाथोडा जमवला. प्रत्येक चाकाला एक वजनदार अडणी जोडली. चाक पुढेपुढे जाताना ती हळूहळू वर उचलली जाते. नवावरून शून्यावर येताना आधार निसटतो, अडणी आपल्या वजनानं खाली पडते आणि पडतापडता शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलते. म्हणजे प्रत्येक चाक आपला हातचा आपल्याच कमाईतून देतं. शेजारीही नवावर असेल तर त्याचीही अडणी आधीच वर चढलेली असते, ती पडते, मग तिच्यापुढची. बोटाला एकाच चाकाचा भार. या यंत्राची पाटी कोरी करायची रीत तर बघण्यासारखी आहे. सगळी चाकं त्यांच्या शेवटच्या आकड्यावर आणायची आणि उजवीकडच्या चाकात फक्त एक मिळवायचा. खट्, खट्, खट् करत अडण्या एकामागून एक पडतात आणि ओळभर शून्यं उभी राहतात. मध्येच कुठे अडलं तर तिथली अडणी नीट नाही हेही त्याच वेळी कळतं.

या सोयीची किंमत एवढीच की चाकं उलटी फिरवता येत नाहीत. उलट दिशेनं अडणी वर चढणार कशी? मग वजाबाकीचं काय? इथे पास्कलनं एक जुनी युक्ती वापरली. ७२५ मधून ३१८ वजा करायचे आहेत. ७२५ चे नवाशी पूरक आकडे घ्या, म्हणजे प्रत्येक अंक नवातून वजा: २७४. त्यात ३१८ मिळवा: ५९२. आता याचे पुन्हा पूरक घ्या: ४०७. उत्तर आलं, आणि सगळ्या खटाटोपात चाकं पुढेच फिरली. यंत्रात आकड्यांच्या दोन ओळी कोरलेल्या असत, एक सरळ आणि एक पूरक, आणि वर एक सरकती पट्टी. पट्टी सरकवली की बेरजेची खिडकी झाकते आणि वजाबाकीची उघडते. कागदावर करून बघा, दोनतीन उदाहरणांत मजा यायला लागते.

धंदा म्हणून मात्र काही जमलं नाही. पन्नासएक नमुने करून झाले, १६४५ मध्ये चॅन्सेलर सेगिए यांना यंत्र अर्पण झालं, १६४९ मध्ये राजाकडून एकाधिकाराची सनदही मिळाली. रूआंच्याच एका घड्याळजीनं वरून झकपक आणि आतून निकामी अशी नक्कल केली, तेव्हा पास्कल इतका वैतागला की त्यानं सगळे कारागीर घरी पाठवून दिले. चॅन्सेलरनी समजूत घातली म्हणून काम पुढे चाललं. पॅरिसच्या कला-उद्योग संग्रहालयात यातली काही यंत्रं आजही आहेत.

लायब्निझचं मला नेहमी हसू येतं. एवढा मोठा तत्त्वज्ञ, त्याला नुसती बेरीज नको होती, गुणाकार-भागाकारही हवे होते, आणि त्यासाठी त्यानं काढलेलं पायऱ्यांचं दंडगोल-चाक पुढची जवळजवळ तीनशे वर्षं यंत्रांत टिकलं. पण हातच्यापाशी तोही अडला. ओळीनं अनेक घरांत हातचे जायची वेळ आली की त्याच्या यंत्रात काही हातचे अर्धवट राहत. ते कळावं म्हणून वर पंचकोनी चकत्या बसवल्या होत्या. चकतीचं टोक वर दिसलं की चालवणाऱ्यानं बोटानं ढकलून तो हातचा पुरा करायचा. १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यानं लाकडी नमुना नेऊन दाखवला होता. नंतरचं एक यंत्र ग्योटिंगेनच्या विद्यापीठात माळ्यावर पडून होतं, १८७९ मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी ते सापडलं. याच माणसानं १६७९ मध्ये फक्त शून्य आणि एक वापरून, गोट्या घरंगळवत बेरीज करणाऱ्या यंत्राची कल्पना लिहून ठेवली होती. करून मात्र पाहिली नाही.

माझा स्वतःचा हातच्याशी संबंध आला तो कॉलेजात. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या आमच्या पिढीनं प्रॅक्टिकलला फॅसिटची हातानं फिरवायची यंत्रं वापरली. स्वीडनची ही कंपनी, आणि भारतात तिची यंत्रं कचेऱ्यांपासून प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडे होती. बेरजेला हँडल पुढे, वजाबाकीला मागे. प्रमाण विचलनाचं गणित सुरू झालं की सगळ्या टेबलांवरून असा खडखडाट उठायचा की सरांना फळ्यावर लिहूनच बोलावं लागे.

त्या यंत्रावरचा भागाकार ज्यानं केलाय तो विसरणार नाही. समजा १००० ला ३७ नं भागायचंय. आधी १०० मधून ३७ घालवायचे: हँडल मागे एकदा, उरले ६३. पुन्हा एकदा, उरले २६. आता जाणार नाहीत हे तुम्हाला कळतं, यंत्राला कळत नाही. तिसऱ्यांदा फिरवलं की आत चाकं उसना मागत डावीकडे पळत सुटतात, एक घर दुसऱ्याकडे मागतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि शेवटच्या घराच्या पलीकडे द्यायला कुणीच नसतं. तेवढ्यात टण्णकन घंटा वाजते. समोर नऊ-नऊ-नऊची रांग उभी राहते, म्हणजे पुन्हा पास्कलचे पूरक आकडे. मग हँडल एकदा पुढे, २६ परत येतात, गाडी एक घर सरकवायची आणि २६० मधून सात वेळा. हुशार पोरं घंटा वाजायच्या आतच थांबत. मी घंटा वाजू देत असे. त्या टण्णवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर ती ऐकायला आवडायचीही.

हातच्यावर सगळ्यात जास्त रात्री जागवल्या त्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं. त्याचं नाव निघालं की लोक लगेच एडा लव्हलेस आणि जगातला पहिला प्रोग्रॅम यांकडे वळतात, आणि वळावंही, पण त्याचे नकाशे बघताना जाणवतं की या माणसाचा जीव दोन चाकांच्या मधल्या जागेत अडकलेला होता.

त्याचं पहिलं, फरकांचं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते शाळकरी आहे. वर्गसंख्या लिहा: १, ४, ९, १६, २५. लगतच्या दोघींतले फरक: ३, ५, ७, ९. त्या फरकांतले फरक: २, २, २. म्हणजे दोन हा आकडा धरून ठेवा आणि नुसत्या बेरजा करत सुटा, गुणाकाराला हात न लावता वर्गांचं कोष्टक तयार. लॉगॅरिदमची, नौकानयनाची कोष्टकं त्या काळी माणसं हातानं करत, दुसरी माणसं खिळे जुळवून छापत, आणि दोन्हीकडे चुका होत. बॅबेजला ती चूकच नको होती, म्हणून यंत्रानं छापायलाही हवं होतं. सरकारनं १८२३ पासून पैसे दिले, सतरा हजार पौंडांच्या वर गेले. १८३२ मध्ये जोसेफ क्लेमेंट या कारागिरानं एक तुकडा जोडून दिला, तो सुरेख चालला, आणि लगेचच दोघांचं पैशांवरून आणि जागेवरून बिनसलं. १८४२ मध्ये सरकारनं हात झटकले. बॅबेजचा स्वभाव पाहता सरकारची थोडी कीव येते. रस्त्यावरच्या बाजा वाजवणाऱ्यांशी हा माणूस वर्षानुवर्षं भांडत राहिला.

या यंत्रात त्यानं हातच्याची दोन कामं वेगळी केली. आधी बेरीज. त्यात जे चाक नवावरून शून्यावर जाईल त्यानं फक्त एक खटका पाडून ठेवायचा: माझ्याकडून हातचा येणं आहे. बेरीज आटोपली की खांबाभोवती मळसूत्रासारखे लावलेले हात खालून वर एकेका घराची विचारपूस करत जातात. खटका पडलेला असेल तर वरच्या चाकाला एक घर पुढे. आणि त्यामुळे ते वरचं चाकही शून्यावर आलं, तर त्याचाही खटका पडतो, आणि त्याच्या वाट्याचा हात अजून यायचाच असतो. म्हणून तर मळसूत्र. लंडनच्या सायन्स म्युझियमनं बॅबेजच्या १८४७ ते १८४९ मधल्या नकाशांवरून त्याचं दुसरं फरकयंत्र खरोखर बांधलं. डोरॉन स्वेड यांच्या देखरेखीखाली, बॅबेजच्या काळातल्या कारागिरांना जमली असती तेवढीच अचूकता ठेवून. एकतीस अंकी संख्या, छपाईच्या भागासकट आठ हजार सुटे भाग, पाच टन वजन. नोव्हेंबर १९९१ मध्ये, बॅबेजची द्विशताब्दी महिन्यावर आली असताना, त्यानं पहिलं मोठं गणित बिनचूक केलं. चालू यंत्राचे व्हिडिओ आहेत, मागच्या बाजूचा बघा. हातच्यांची लाट खांबांवरून चढत जाते. त्या लाटेसाठी मी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला आहे.

पण सरकारनं हात झटकायच्या आधीच बॅबेज दुसऱ्या नादाला लागला होता. १८३४ पासून तो विश्लेषक यंत्राच्या मागे होता, ज्याला सूचना देता येतील, जे मधल्या निकालावरून पुढचं ठरवेल. त्यात पन्नास अंकी संख्या. एकेका घरापाशी थांबत पन्नास हातचे घ्यायचे तर बेरजेला लागतो त्याहून जास्त वेळ हातच्यालाच जाणार. गुणाकारात तर शेकडो बेरजा. तेव्हा बॅबेजच्या डोक्यात आलं की हातचा येईपर्यंत वाट का बघायची? ज्या घरात नऊ आहे ते घर, खालून हातचा आला तर तो वर देणारच. हे आधीच ठाऊक आहे. मग नवावर असलेली सगळी शेजारशेजारची घरं आधीच एकमेकांत अडकवून ठेवायची, आणि खालून हातचा आला की सगळ्यांनी एकदम हलायचं. यंत्राला पुढचं दिसायला हवं आणि दिसलेल्यावर त्यानं वागायला हवं, अशा शब्दांत त्यानं पुढे आत्मचरित्रात ते मांडलं. विश्लेषक यंत्र पुरं झालं नाही. कामचलाऊ फरकयंत्र स्वीडनच्या शॉइट्झ बापलेकांनी १८५३ पर्यंत बनवलं, आणि बॅबेजनं मत्सर न करता त्यांची पाठ थोपटली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

कुर्ट हेर्त्सस्टार्क हा व्हिएन्नातल्या गणकयंत्रांच्या कारखानदाराचा मुलगा. वडील ज्यू. खिशात मावेल असं चार क्रिया करणारं यंत्र काढायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि लायब्निझचं दंडगोल-चाक प्रत्येक घराला वेगळं न देता सगळ्यांना मिळून मधोमध एकच द्यायचं ही किल्लीही त्याला सापडली होती. १९४३ मध्ये नाझींनी त्याला पकडलं आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तिथल्या कारखान्यात यंत्रांची जाण असलेला माणूस म्हणून तो उपयोगी ठरला. यंत्राचं कळल्यावर त्याला सांगण्यात आलं की नकाशे काढ, युद्ध जिंकल्यावर आपण ते यंत्र फ्युररला, म्हणजे हिटलरला, भेट देऊ, मग तुला आर्य ठरवतील. त्यानं नकाशे काढले. जिवंत राहायचं तर तेवढं एक निमित्त हातात होतं. एप्रिल १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा ते नकाशे जवळपास पुरे होते.

१९४८ पासून 'कुर्टा' या नावानं ते यंत्र लिश्टेनश्टाइनमध्ये बनू लागलं. मुठीत धरायचं, वरचं हँडल फिरवायचं, आणि वजाबाकी करायची तर तेच हँडल किंचित वर ओढून फिरवायचं. वर ओढल्यावर मधला दंडगोल पूरक आकड्यांच्या दातांवर येतो. दिशा तीच राहते. पास्कलच्या सरकत्या पट्टीनंतर तीनशे वर्षांनी तीच युक्ती, बोटाच्या एका हालचालीत. दीडएक लाखाच्या आसपास कुर्टा विकले गेले. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आला, मोटाररॅलीतल्या हिशेबनीसांनी तो आणखी काही काळ सोडला नाही, आणि आता लिलावात त्याची किंमत ऐकून मी कान धरतो.

चाकं जाऊन दिव्यांसारख्या दिसणाऱ्या विजेच्या निर्वात नळ्या आल्या तेव्हा हातचा सुटला असेल असं वाटण्याची शक्यता आहे. अमेरिकेतला एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक, १९४६, सतरा हजारांच्या वर निर्वात नळ्या, सेकंदाला पाच हजार बेरजा. पण आत बघितलं तर प्रत्येक अंकासाठी दहा जागांचं एक वर्तुळ, त्यात फिरणारा विजेचा एक ठोका, आणि नवावरून शून्यावर आला की नोंद ठेवून मग शेजाऱ्याला हातचा. पितळ गेलं, चाक राहिलंच. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या यंत्रासाठी बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी एक अहवाल लिहिला. संख्या चाळीस द्विमान घरांची, म्हणजे फक्त शून्य किंवा एक मावेल अशा घरांची, असावी असं त्यात होतं. त्यांनी हिशेब केला की चाळीस घरांच्या दोन संख्यांची बेरीज करताना सगळ्यात लांब हातचा सरासरी किती घरं पळतो. उत्तर पाचाच्या आसपास. चाळीस घरं पळायची पाळी क्वचित. मला हे उत्तर फार आवडतं, कारण शंभर वर्षं बॅबेजपासून सगळे त्या सर्वांत वाईट वेळेसाठी यंत्रं बांधत होते, आणि ती वेळ किती वेळा येते हे या तिघांनी मोजायला घेतलं.

चाळीसचा तोच आकडा मुंबईतही दिसतो. परदेशी बनावटीचा संगणक कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५-५६ मध्येच आला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र रंगस्वामी नरसिंहन यांच्या तुकडीनं तो बांधायलाच घेतला. आधी छोटा नमुना १९५६ मध्ये, मग पूर्ण यंत्र, फेब्रुवारी १९६० पासून कामाला. सत्तावीसशे निर्वात नळ्या, आणि फेराइटच्या बारीक कड्यांच्या स्मृतीत चाळीस घरांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबानं दहा किलोबाइट. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरत आले. कुलाब्याला गेलेल्या मंडळींना समुद्र दिसतो, बाग दिसते, भाभांनी जमवलेली चित्रं दिसतात. या यंत्राची आठवण फारसं कुणी काढत नाही.

बॅबेजची 'आधीच ओळखायची' कल्पना पन्नाशीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक मंडळांत नव्यानं मांडली गेली. कुठलं घर स्वतः हातचा निर्माण करेल आणि कुठलं नुसता पुढे पोचवेल, हे सगळ्या घरांना एकाच वेळी विचारायचं, आणि हातच्यांचा निकाल आधी लावून बेरीज मागून करायची. तुमच्या फोनमधली चौसष्ट घरांची बेरीज याच जातीच्या युक्तीनं होते, सेकंदाला अब्जावधी वेळा. बॅबेजला हे कुणी सांगितलं असतं तर त्याला आनंद झाला असता यात शंका नाही, पण आधी त्यानं सरकारला एक खरमरीत पत्र लिहायला घेतलं असतं.